पडद्यावरची वारी आणि आपली श्रद्धा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी टी.व्ही.वर वारी दिसते. ज्ञानोबांची पालखी आपल्या भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. वार्ताहर विचारतो, "काय वाटतंय?" वारकरी बाई म्हणते, "लई आनंद वाटतोय." तो आनंद खोटा नाही. मी त्याला हसत नाही. पण श्रद्धेची चर्चा तिथंच का थांबावी?

चोखोबांची समाधी देवळाबाहेर का, हे विचारायला नको? १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठं ते दार आपल्यासाठी उघडलं. इरावती कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण-मराठ्यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांनी लिहून ठेवलं.

आता आपल्याकडे पाहू. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपण तिथं जातो, हात जोडतो, परत येतो. मागे नातीनं विचारलं, "आजोबा, ही पण आपली वारीच का?" मला चटकन उत्तर देता आलं नाही.

भगवान बुद्ध पंचेचाळीस वर्षं गावोगाव पायी फिरले. लोक प्रश्न विचारीत, ते उत्तरं देत. कालामांना तर त्यांनी सांगितलं, की ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका. म्हणून यंदा देहूरोडला जाताना नातीचा प्रश्न बरोबर घ्यायचा, वाटेतच बोलायला लागायचं. कॅमेरा नसला तरी चालेल.

नमो बुद्धाय, जयभीम.