डोक्यावर काही न घेता डोंगर

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, काम थांबवू नका. मागच्या वेळी आपण गटाचं कर्ज रजिस्टर कसं लिहायचं ते बघितलं. आज जरा वेगळं बोलायचंय. आज फिरायला जायचं बोलायचंय. हसताय ना? आमच्या बैठकीतही अशाच हसल्या होत्या.

आपण डोंगर चढत नाही असं नाही. सरपणाला जातो, शेरडामागे जातो. चैत्रात सप्तशृंगीला पायी जातो, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करतो, त्यात कितीतरी जणी अनवाणी असतात. पण डोक्यावर मोळी नाही, मनात नवस नाही, नुसतं वर जायचं, दगडावर बसायचं आणि खालचं बघायचं, असं कोणी कोणी केलंय, असं मी बैठकीत विचारलं. अकरा जणींत एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. मी नाशिकला एसटीने ये-जा करून बीए केलं, इतिहास विषय घेऊन. पांडवलेण्यांवर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहून आले, पण लेणी बघितली ती मुंबईला जाताना गाडीच्या खिडकीतून. घरातून कॉलेज, कॉलेजातून घर. मधे कुठे वळायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नव्हतं.

तर आम्ही ठरवलं, गौरी-गणपती झाले की जायचं. टोमॅटोचा तोडा जोरात सुरू व्हायच्या आधी आणि द्राक्षाच्या छाटणीच्या आधी आपल्याकडे चार-आठ दिवस जरा मोकळे मिळतात, तेवढ्यात.

ठरवणं सोपं, निघणं अवघड. एका ताईंचे मालक बैठकीच्या दिवशी समाजमंदिराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "गटाचा पैसा मौजमजेला उडवायचा का?" प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते. गटाचा पैसा कोणाच्या तरी बी-बियाणाचा, कोणाच्या तरी लेकराच्या फीचा. म्हणून आम्ही रजिस्टरला हात लावला नाही. प्रत्येकीने वेगळे दीडशे रुपये काढले. कोणी अंडी विकून, कोणी एक दिवसाची मजुरी बाजूला ठेवून. एक मावशी म्हणाल्या, "माझ्या पैशाने मी बांगड्या भरल्या तर कोणी विचारत नाही. डोंगरावर गेले तर विचारतात." सोळाशे पन्नास रुपये जमले. त्यात क्रुझरचं भाडं, तिकिटं आणि परतीच्या वाटेवर एकेक कप चहा झाला. जेवण घरचंच. भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

पहिल्यांदा पांडवलेणीच निवडली. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच. पायथ्याला फाळके स्मारक आहे, तिथपर्यंत शहराची बसही जाते. वर जायला बांधलेल्या पायऱ्या आहेत. बसत-उठत गेलं तरी अर्धा तास लागतो. गुडघे दुखणाऱ्या बाईलाही जमतं, कारण आमच्यातल्या आक्कांना जमलं आणि त्यांची साठी होऊन गेलीय. खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी त्याच पोचल्या. नऊवारीचा काष्टा मारलेला, पाय मोकळे. आम्ही गोल साडीवाल्या निऱ्या सावरत मागे.

वर पोचलं की एका रांगेत चोवीस लेणी. नाव पांडवांचं, पण ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने राहायचं, म्हणून आत दगडातच खोल्या, दगडातच झोपायचे ओटे. आमच्या मावशींनी एका ओट्यावर हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "उशाला काय घेत असतील?" याचं उत्तर मला बीएलाही शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मात्र मी सगळ्यांना थांबवलं. हे लेणं एका बाईने दान दिलंय. तिचं नाव गौतमी बलश्री. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची ही आई. मुलाच्या नावात आईचं नाव, हे लक्षात घ्या. नातू पुळुमावी राज्य करत होता, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीने हे लेणं भिक्खूंना दिलं आणि भिंतीवर लांबलचक लेख कोरून घेतला. त्यात मुलाच्या पराक्रमाचं कौतुक आहे, कोणाकोणाला हरवलं ते आहे, आणि तो आईची सेवा करणारा होता हेही लिहिलंय. हे सांगितल्यावर ज्या ताईंचा मुलगा पुण्याला कंपनीत लागल्यापासून फोन करत नाही, त्या म्हणाल्या, "बरं केलं बाईने, दगडात लिहून ठेवलं."

पण खरी गंमत दहाव्या लेण्यात. ती मी वहीत लिहून नेली होती. तिथे ओसरीत उषवदात नावाच्या माणसाचे लेख आहेत. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याची बायको दक्षमित्रा, तिनेही तिथे खोल्या दान दिल्यात आणि तिचं नाव दारावर कोरलंय. उषवदाताने लेणं तर दिलंच, पण पुढचा विचारही केला. भिक्खूंना दरवर्षी कपडा कुठून मिळणार? मग त्याने काय केलं ऐका. त्या काळचे पैसे म्हणजे कार्षापण. असे ३००० कार्षापण त्याने गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवले. गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचंच गाव. विणकरांच्या दोन श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना, आपल्या गटासारखीच म्हणा ना. एकीकडे २००० ठेवले, शेकडा महिना १ टक्का व्याजाने. दुसरीकडे १०००, पाऊण टक्क्याने. आणि लिहून ठेवलं की मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी द्यायचे.

आता आपल्याला हिशोब येतो, करून बघा. २००० वर महिना १ टक्का म्हणजे २०. बारा महिन्यांचे २४०. आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे किती? २४०. पैचा फरक नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं खातं, आणि ताळेबंद जुळतो! आमच्या गटाच्या सचिव बाई, ज्यांचा ताळेबंद दर महिन्याला पाच-दहा रुपयांनी अडतो, त्या त्या भिंतीकडे बघत किती वेळ उभ्या होत्या.

जेवायला आम्ही खाली येऊन झाडाखाली बसलो. लेण्यांत खायचं नाही, भिंतीला खडूसुद्धा लावायचा नाही. वरून नाशिक दिसतं, इमारतींच्या मधे मधे हिरवे तुकडे. एक ताई एवढंच म्हणाल्या, "आपण ज्या गावाला घाबरत घाबरत दवाखान्यात येतो, ते एवढंसंच आहे होय."

यानंतर आम्ही आणखी दोन ठिकाणी जाऊन आलो, ती पटकन सांगते.

रामशेज. नाशिकपासून साधारण चौदा किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी. दिंडोरीच्या बायकांना तर घरचाच डोंगर. लहानसा किल्ला, वाट सरळ, पाऊण ते एक तासात वर. रामाचं मंदिर आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. श्रीराम इथे विसावले म्हणून रामशेज, असं म्हणतात. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने याला वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला कितीतरी वर्षं हाती लागला नाही. वर सावली कमी, म्हणून सकाळी सात-साडेसातला पायथ्याला पाहिजे. हिवाळ्यात फार छान. आम्ही मार्गशीर्षात गेलो, खाली सगळीकडे द्राक्षाच्या बागा. "ती बघ, आपण थिनिंगला जातो ती बाग," असं बोट दाखवत बसलो. ज्या बागेत दिवसभर मान वर करून हात दुखतात, ती वरून तळहाताएवढी दिसते.

दुसरं अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर, साधारण वीस किलोमीटर. हनुमंताचं जन्मस्थान मानतात, वर अंजनीमातेचं मंदिर आहे, तळं आहे. हा मात्र मोठा डोंगर आहे. वर जायलाच दोन तास धरा, पूर्ण दिवस मोकळा ठेवा. पहिल्याच वेळी इथे जाऊ नका. पावसाळा सरता सरता गेलात तर पठारभर रानफुलं. कंदीलपुष्पाची एक जात याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते. कंदिलासारखं इवलंसं फूल असतं. वनखात्याने डोंगर राखीव केलाय. फूल, कंद, काही उपटायचं नाही. माकडं मात्र पिशवी ओढतात, केळी हातात धरून चालू नका.

म्हसरूळजवळ चांभार लेणी आहेत, जैनांचं गजपंथ तीर्थ. नीट पायऱ्या आहेत. तिथे आम्ही अजून गेलो नाही, यंदा जायचंय.

आता दोन-चार कामाच्या गोष्टी. अंगठ्याची सपाट चप्पल घालून जाऊ नका, शेवाळावर घसरते. मागे पट्टा असलेली सँडल घाला, नाहीतर पोराचे शाळेचे बूट. आमच्यातल्या तिघी तसेच घालून आल्या होत्या, कोणी हसलं नाही. भर पावसात आणि विजांच्या दिवसांत दुपारी डोंगरावर थांबू नका. कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर ओरडायचं नाही, धूर करायचा नाही, मुकाट्याने मागे फिरायचं. प्रत्येकीने निदान दीड लिटर पाणी स्वतःचं स्वतः घ्या. आणि लघवीचं बोलते, कारण हे कोणी बोलत नाही. बायका सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग चढताना चक्कर येते. आमच्यातही एकीला आली. वर काही सोय नसते हे धरूनच चाला. निघताना पायथ्याच्या गावात किंवा वाटेतल्या पेट्रोल पंपावर जाऊन घ्या, आणि पाणी प्या. पाळी असेल तर कपडा, कागदाची पिशवी सोबत ठेवा. देवळात जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, डोंगराला काही अडचण नसते. शक्यतो रविवार टाळा, पोरांच्या गाड्यांची गर्दी असते. घरी सांगून जा, गाडीचा नंबर घरी ठेवून जा.

आणि एक सांगायचं राहिलं. लेण्यांहून आल्यावरच्या बैठकीत सर्वांत कमी बोलणाऱ्या ताईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे गटाचं वीस हजारांचं कर्ज आहे. म्हणाल्या, "तो राजाचा जावई एक टक्क्याने ठेवत होता. आपण आपल्याच बाईकडून दोन टक्के का घेतो?" आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिना दोन टक्के होते, पहिल्यापासून. आम्ही नेहमी सांगत आलो की व्याज गटातच राहतं, सगळ्यांना वाटून मिळतं. खरं आहे. पण हिशोब मांडून बघितला. ज्या तिघी-चौघी सतत कर्ज घेतात त्या सगळ्यांत गरजवंत, आणि ज्यांना कर्ज लागतच नाही त्यांच्या वाट्याला त्या व्याजाचा हिस्सा जातो. हे इतकी वर्षं रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

बरीच वादावादी झाली. एक बैठक तर त्यातच मोडली. शेवटी दीड टक्का ठरला. वीस हजारांवर महिन्याचे चारशे जात होते, ते तीनशे झाले. दोघींना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, व्याज कमी केलं तर गटाची गंगाजळी वाढायला वेळ लागेल, आणि ते म्हणणंही खोटं नाही. चांभार लेण्यांना जाताना क्रुझरमध्ये हाच विषय निघणार, हे मला माहीत आहे.