सूर्याची वीज आणि गायरानाचा नकाशा



1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज-नियोजनालाही दिशा दिली. आज शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याची 2017 मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना उपकेंद्रांजवळ जमीन शोधते. ‘क्यूजीआयएस’ ही मोफत, खुली संगणकप्रणाली ऊन, उतार, उपकेंद्राचे अंतर यांचे थर एकावर एक मांडून योग्य जागा दाखविते. परंतु नकाशात गायरान फक्त ‘सरकारी’ दिसते. ते वर्षानुवर्षे कसणारे भूमिहीन कुटुंब दिसत नाही. हा थर कोण भरणार? आम्ही म्हणतो, शिरपूरच्या विद्यार्थ्यांनी ही प्रणाली शिकावी, शिवारात फिरून कसणाऱ्यांची नोंद करावी आणि तो नकाशा ग्रामसभेत मांडावा. सूर्याची वीज जरूर यावी. मात्र तिच्यासाठी कुणाची भाकर जाऊ नये.