वारा सातबारा बघत नाही

(सारोळे येथे भोर-वेल्ह्यातल्या वाड्यांच्या प्रतिनिधींपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवावा. शेवटी ठरावाचा मसुदा आहे, तो उतरवून घ्यावा.)

साथींनो, आयाबायांनो,

कुणी मढे घाटाच्या अंगाने आलात, कुणी वरंध्याच्या. दोन-दोन गाड्या बदलून सारोळ्याला पोचलात. पावसाळा तोंडावर आहे, राब भाजून झालेत, घर शाकारायचं काम अर्ध्यावर टाकून आलात. म्हणून फार वेळ घेणार नाही. विषय एकच आहे, समुद्रावरचं वादळ आणि आपली वाडी.

कुणी म्हणेल, समुद्र कुठं आणि आपण कुठं? वादळ कोळीवाड्याचं, आपलं काय? तर साथींनो, ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. ते काही किनाऱ्यावर बसून राहिलं नाही. रायगड जिल्हा ओलांडून सह्याद्री चढलं आणि आपल्या पुणे जिल्ह्यात आलं. घाटमाथ्यावरच्या घरांचे पत्रे उडाले, झाडं उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले. आपल्या आणि समुद्राच्या मध्ये एक डोंगररांग आहे, तेवढंच. त्याआधी २००९ साली फयान आलं होतं, नंतर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर गेलं. म्हणजे ही गोष्ट आता जन्मात एकदा होणारी राहिलेली नाही.

किनाऱ्यावर त्या वेळी काय झालं? हवामान खात्याचा इशारा दोन-तीन दिवस आधी आला. होड्या ओढून घेतल्या. आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या. हजारो माणसं कच्च्या घरांतून शाळा-देवळांत हलवली. ते बरोबरच झालं, त्यानं जीव वाचले. पण डोंगरातल्या वाडीचं काय? इशारा मोबाईलवर येतो, आणि आपल्याकडे रेंज कड्यावर चढल्यावर मिळते. दवंडी गावठाणात फिरते, वाडी दोन ओढे ओलांडून. त्यात तेव्हा कोरोनाचे दिवस. गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी घेतलेल्या. मग कारवीच्या कुडाच्या घरातली माणसं जाणार कुठं?

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू, कारण ती आपल्यातच बोलली जाते, साहेबांपुढं कुणी बोलत नाही. आम्ही वाड्यावाड्यांत फिरतो तेव्हा ऐकतो, "घर सोडून शाळेत गेलो, आणि मागं घर पडलं, तर पुन्हा त्या जागेवर मेढ रोवू देतील का?" ज्याचा वनहक्काचा दावा लटकलेला आहे, त्याला वाऱ्यापेक्षा या गोष्टीची भीती जास्त. म्हणून बाप्या घर धरून बसतो, आणि बापामागं बाई, बाईमागं पोरं. वादळात मरायची तयारी का? तर जागा जाऊ नये म्हणून. हा काही अडाणीपणा नाही. ज्याची नोंद नाही त्याचा हा हिशेब आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की वाडीची नोंद झाली तरच माणूस जीव वाचवायला मोकळा होतो. सुरक्षितता आणि जमिनीचा हक्क हे दोन विषय नाहीत, एकच आहे.

कायदा काय सांगतो? २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४, पोटकलम ५. दाव्याची पडताळणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत वननिवासी आदिवासीला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हलवता येत नाही. दोन रात्री शाळेत झोपल्यानं ताबा सुटत नाही. हे पाठ करून ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना आधी सांगा, कारण घर सोडायला सगळ्यात शेवटी तीच तयार होतात.

आता पंचनाम्याकडे येऊ. वादळानंतर तलाठी, ग्रामसेवक, शेतीचं नुकसान असेल तर कृषी सहायक, असे येतात, बघतात, लिहितात, दोन पंचांच्या सह्या घेतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, अर्ज लिहिताना ते ध्यानात ठेवा. पंचनाम्यात नाव आलं तर मदत, नाही आलं तर काही नाही. आणि अडचण इथंच आहे. केंद्राच्या मदतीच्या निकषांत एक ओळ आहे, की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असावं, तसं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं असावं. ही ओळ दाखवून वाडीतल्या माणसाला सांगितलं जातं, "तुमचं घर फॉरेस्टात, आम्ही लिहू शकत नाही." वारा सातबारा बघून शिरत नाही, पण मदत मात्र सातबारा बघून येते.

याला आपलं उत्तर काय? तीन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर, ज्याला वनहक्काचा पट्टा मिळालाय त्याचं घर बेकायदा कसं? कायद्याच्या कलम ३ मध्ये वनजमीन कसण्याचाच नव्हे, तिथं राहण्याचाही हक्क आहे. पट्ट्याची झेरॉक्स पुढं करा.

दुसरं उत्तर, त्याच निकषांत झोपडीसाठी वेगळी रक्कम आहे, आणि झोपडी म्हणजे काय तेही लिहिलं आहे. गवत, माती, प्लॅस्टिक अशा सामानाची, कच्च्या घराहूनही साधी. २०२२ साली ठरलेल्या दरानं झोपडीला ८,००० रुपये आहेत. पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००, कुटुंबामागं. शेळी मेली तर ४,०००. तेव्हा "तुमच्यासाठी काहीच नाही" हे ऐकून घरी यायचं नाही. कोणत्या सदरात बसतो ते विचारायचं.

तिसरं उत्तर, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१. मदत देताना जात, जमात, वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. आणि या सगळ्याचं जिल्ह्याचं प्राधिकरण कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असतं. खालच्या टेबलावर अडलं तर अर्ज वर पाठवायचा.

पंचनामा पैशापुरताच नसतो, हेही समजून घ्या. वनहक्काच्या नियमात पुरावा म्हणून घर, झोपडी, बांध-बंदिस्ती, सपाटीकरण या जमिनीवरच्या खुणा धरल्या आहेत. घर वाऱ्यानं पाडलं की पुरावाही पडला. पण त्या पडलेल्या घराचा पंचनामा झाला, तर इथं अमक्याचं घर होतं असं सरकारी कागद सांगतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायला तेवढा एक कागद पुरत नाही. मोठ्या माणसांचे जबाब आणि जुन्या नोंदी लागतातच. पण तो त्यांच्या जोडीला उभा राहतो. पाच-दहा हजाराची मदत संपून जाईल, कागद राहील.

हे होतं का, असं विचाराल. होतं. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगावच्या आदिवासींचा बाळहिरडा निसर्ग वादळात झडून गेला. हिरडा हे काही पेरलेलं पीक नव्हे, जंगलाचं उत्पन्न. पण लोकांनी पंचनामे करून घेतले, मग मोर्चे काढले, उपोषणं केली, वर्षानुवर्षं फायलीमागं फिरले, तेव्हा कुठं राज्य सरकारनं भरपाई मान्य केली. पंचनाम्याचे कागद नसते तर कशाच्या जोरावर भांडले असते?

आता कामाचं बोलू. पाऊस पडायच्या आत प्रत्येक वाडीनं तीन कामं करायची.

एक. वाडीचं रजिस्टर. शंभर पानी वही घ्या. दर घराला एक पान. घरातली माणसं, म्हातारे, गरोदर बाई, अपंग, जनावरं, घर कशाचं, दाव्याचा नंबर. घरासमोर घरची माणसं उभी करून फोटो काढा, मागं डोंगर किंवा ओळखीचं झाड दिसू द्या. घरपट्टीची पावती असेल तर लावा. ती मालकी देत नाही, पण घर असल्याची साक्ष देते. ही वही ग्रामसभेत ठेवा आणि ठराव करून घ्या. वनहक्काच्या कामाच्या ग्रामसभेला निम्मे लोक हवेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात. बाया नसतील तर ठराव टिकत नाही, त्यांना स्वयंपाक लावून पुरुषांनी यायचं नाही.

दोन. निवाऱ्याची जागा. शाळा असो, समाजमंदिर असो, पण किल्ली कुणाकडं आहे हे आत्ताच ठरवा. एक किल्ली वाडीत राहिली पाहिजे. छप्पर पक्कं आहे का, पाणी आहे का, संडास आहे का, बघून घ्या. वाडीत असं काहीच नसेल तर मागायची सोयही कायद्यात आहे. कलम ३ पोटकलम २. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विजेची आणि फोनची लाईन, पिण्याचं पाणी, समाजमंदिर यांसाठी वनजमीन देता येते. अट एवढी, की एका कामाला एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. "फॉरेस्ट आहे, रस्ता होणार नाही" हे वाक्य आपण फार वर्षं ऐकलं. पुढच्या वेळी कलमाचा नंबर सांगा.

तीन. निरोपाची साखळी. कुणाच्या फोनला कुठं रेंज येते ते वहीत लिहा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला, की गावातला कोण वाडीतल्या कुणाला सांगणार, नावानिशी ठरवा. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, विजेची तक्रार १९१२. दारामागं कोळशानं लिहून ठेवा.

वादळाच्या दिवशी काय? अंधार पडायच्या आत हला. जनावरं दाव्याला ठेवू नका, मोकळी सोडा. पत्रे उडायला लागले की बाहेर पळू नका, उडता पत्रा माणूस कापतो. जुन्या आंब्याखाली थांबू नका. पडलेली तार मेलेली समजू नका. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, पट्टा किंवा दाव्याची पोच हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाईच्या कमरेला, कारण पोरं आणि कागद तीच सांभाळते.

आणि वारा थांबला म्हणजे संपलं असं नाही. मागून पाऊस येतो, डोंगर भिजतो. मालीण विसरू नका, ३० जुलै २०१४. एसटीच्या ड्रायव्हरला सकाळी गावच दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. ठाकर समाजाची वाडी. वर गाडीरस्ता नाही, मशीन चढेना, माणसांनी हातानं माती उपसली. उताराला भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, दारं चौकटीत अडकायला लागली, तर साहेबाची वाट बघू नका, वाडी उठवा. मालीणनंतर जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांची पाहणी झाली, त्यात भोर-वेल्ह्यातलीही गावं आहेत. आपली वाडी त्यात मोजली आहे की फक्त गावठाण मोजलंय, हे ग्रामपंचायतीत लेखी विचारा.

वादळ सरल्यावर पडलेलं घर लगेच आवरू नका. आधी फोटो, चारी बाजूंनी. मग अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. पंचनाम्याला घरच्या बाईनंही हजर राहायचं. कोरा कागद असेल तर सही-अंगठा नाही. लिहिलेलं वाचून दाखवायला लावायचं. यादी लागली की नाव बघायचं, बँक खातं आधारला जोडलंय का बघायचं, ई-केवायसी करायला सांगितलं तर करून यायचं. पैसे तिथंच अडकून पडलेले आम्ही पाहिलेत.

ठरावाचा मसुदा असा:

"आमच्या वाडीतील सर्व घरांची नोंद असलेले रजिस्टर ग्रामसभेने तपासून मान्य केले. आपत्तीच्या वेळी वाडीतील कुटुंबे जीव वाचविण्यासाठी तात्पुरती अन्यत्र गेल्यास तो ताबा सोडणे समजू नये. आपत्तीत पडलेल्या घराचा, वनहक्क दावा प्रलंबित असला तरी, पंचनामा करण्यात यावा व त्याची प्रत कुटुंबास देण्यात यावी. वाडीसाठी रस्ता व निवारा यांकरिता वनहक्क कायदा कलम ३(२) खाली जागा देण्याची ही ग्रामसभा शिफारस करते."

एक प्रत तहसीलदारांना, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक वनक्षेत्रपालांना, एक उपविभागीय वनहक्क समितीला. सगळ्यांची पोच वहीत चिकटवा. पुढच्या बैठकीला येताना हात हलवत येऊ नका, वही घेऊन या. आपण एकमेकांच्या वह्या बघू, आणि जिची राहिली असेल त्या वाडीत दोघं-तिघं जाऊन बसू.

जिंदाबाद!