कोरलचं मांस गळायला लागलं तर: पहिला तास आणि पुढचे ७ दिवस

नंदाखालवरून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या. टँकवर लावलाय आणि या उकाड्यात तो बंद करणं परवडणारं नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला. काल छान फुललेलं कोरल सकाळी पांढरं कसं दिसतं? मांस चिंध्यांसारखं सुटून पाण्यात तरंगतंय, खाली नुसता सांगाडा. अशा वेळी करायचं काय?

आधी कोरल म्हणजे काय, ते एका मिनिटात. आपण ज्याला दगड समजतो तो त्याचा चुन्याचा सांगाडा. जिवंत प्राणी म्हणजे त्या दगडावरचा पातळसा थर. तो थर गेला की मागे दगडच उरतो. या मांस सुटण्याला हौशी लोक आरटीएन म्हणतात. काही तासांत सगळं संपतं. हेच दिवसांत किंवा आठवड्यांत झालं तर एसटीएन. पहिला वणवा, दुसरी धुमसणारी शेकोटी.

आता एक घोळ मिटवू या. पांढरं पडलेलं प्रत्येक कोरल मेलेलं नसतं. ब्लीचिंगमध्ये आतलं शेवाळ निघून जातं, पण मांस जागेवर असतं, काचेसारखं पारदर्शक. टॉर्च मारून नीट बघा, पॉलिपची तोंडं दिसतात. ते कोरल उपाशी आहे, पण जिवंत आहे. मांस गळतं तेव्हा मात्र सांगाडा उघडा पडतो, आणि जिवंत भाग नि मेलेला भाग यांच्यामध्ये स्पष्ट रेषा दिसते. ती रेषा सरकतेय का, हा खरा प्रश्न. म्हणून पाण्यात हात घालण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच कोनातून दुसरा. रेषा सरकली असेल तर पुढे ऐका.

माझा चुलतभाऊ दुबईत असतो. आपल्या वसईतल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे, तसाच तो. त्याच्याकडे तिकडच्या दुकानातून घेतलेलं, टँकमध्येच वाढवलेलं अ‍ॅक्रोपोरा होतं. एका रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल. बुडापासून चार बोटं पांढरं, शेंडे अजून जांभळे. तो म्हणाला, "आधी कारण शोधूया ना, कशामुळे झालं ते." मी म्हटलं, "कारण सकाळीही सापडेल रे. शेंडे सकाळपर्यंत राहणार नाहीत."

आजच्या सगळ्या बोलण्याचं सार हेच. आधी जिवंत तुकडा वाचवा, कारण नंतर शोधा. आणि कारण सापडेपर्यंत नवीन काही विकत आणू नका.

आता पहिला तास. हातमोजे आणि चष्मा घाला. झोआ, पॅली जातीच्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरी विष असू शकतं, तेव्हा इथे हिरोगिरी नको. एका स्वच्छ टबात टँकचंच पाणी घ्या. त्यात छोटा हीटर आणि पाणी हलवणारा पंप किंवा एअरस्टोन सोडा. टँकच्या पाण्यातच गडबड वाटत असेल, तर त्याच तापमानाचं आणि खारेपणाचं नवीन पाणी बनवा.

मग कापणी. पांढऱ्या रेषेवर कापायचं नाही. रेषेच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर, पूर्ण निरोगी मांसात कापायचं. दिसतं त्यापेक्षा जास्त गेलेलं असतं. आमच्याकडे पानवेलीची वाडी करणाऱ्याला विचारा, सडलेल्या भागाला खेटून कोणी बेणं काढतं का? तेच इथे. तुकडे आयोडीनच्या डिपमध्ये बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त फायदा, असं नसतं. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून टबात सोडा.

आता मोठा टँक. सुटलेलं मांस नळीने ओढून बाहेर काढा, कारण ते सडलं की शेजारच्यांनाही त्रास. मेलेला भाग काढून टाका. नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा, स्किमर चालू ठेवा. १० ते २० टक्के पाणी बदला, तापमान आणि खारेपणा जुळवूनच. बस्स. घाबरून अर्धा टँक बदलणं, लाईट बदलणं, चार बाटल्या ओतणं, यातलं काहीच करायचं नाही. वाचलेल्या कोरलना आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे ती स्थिर पाण्याची.

अँटिबायोटिकचं काय, हा प्रश्न येणारच. फ्लोरिडाच्या समुद्रात २०१४ मध्ये दगडी प्रवाळांचं मांस गळण्याचा एक रोग दिसला. तो पुढे कॅरिबियनभर पसरला, २० हून जास्त जातींना त्याने गाठलं. तिथले शास्त्रज्ञ अमॉक्सिसिलिनची पेस्ट थेट रोगाच्या रेषेवर लावतात. लक्षात घ्या, रेषेवर लावतात, समुद्रात ओतत नाहीत. आपल्या टँकमध्ये कॅप्सूल फोडून टाकली तर पाणी स्वच्छ ठेवणारे चांगले जिवाणूही मरू शकतात, मग अमोनिया वाढतो. तिथे आणखी एक गोष्ट केली. रोग पोचण्याआधीच निरोगी कोरल काढून देशभरातल्या मत्स्यालयांत सुरक्षित ठेवली. तुमचा टब म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती.

आता पुढचे ७ दिवस, म्हणजे कारणांचा शोध. चार गोष्टी मोजा आणि वहीत लिहा: तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी, आणि नायट्रेट-फॉस्फेट. तापमान साधारण २५-२६, खारेपणा १.०२५, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, हे बरेच जण धरतात. पण आकड्यापेक्षा त्याची उडी जास्त घातक. दुबईत हेच निघालं. रोज ८ असणारी अल्कलिनिटी तीन दिवसांत साडेअकरावर गेली होती, डोसिंग पंपातून जास्त डोस जात होता. पंप बंद केला आणि आकडा आपोआप, हळूहळू उतरू दिला. एका दिवसात खाली खेचला असता तर तो दुसरा धक्का झाला असता.

उडी सापडली नाही तर किडे बघा. कोरल खाणारे चपटे किडे, त्यांची अंडी. गेल्या महिन्यात नवीन काय आणलं, आणि ते वेगळं ठेवलं होतं का, तेही आठवा.

आपल्या भागातली कारणं वेगळी सांगतो. पहिलं, पंखा. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. वसईच्या माणसाला हे समजवायला नको, मिठागरं याच तत्त्वावर चालली. म्हणून पंखा लावला की रोज गोड्या पाण्याची भर हवीच.

दुसरं, ते गोडं पाणी. विहिरीचं, बोअरचं थेट नको. आरओ-डीआयमधून काढा, टीडीएस शून्य आला पाहिजे.

तिसरं, "अर्नाळ्याचा समुद्र जवळ आहे, कॅन भरून आणू का?" नका आणू. तिथे वैतरणेचं मुख आहे. गाळ येतो आणि पावसात खारेपणा कोसळतो.

चौथं, लाईट जाणं. टँकमध्ये प्रवाह थांबला की प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असलाच पाहिजे, पावसाळ्याच्या आधी.

आता थोडं कडू. दुबईत मूळ कोरल गेलं. पाच तुकडे कापले होते, त्यातले दोन जगले. भावाने लगेच विचारलं, "नवीन घेऊ का?" मी म्हटलं, आधी हे दोन तीन महिने जगव.

आणि इथल्यांसाठी तर हे आणखी महत्त्वाचं. आपल्या देशात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवायच्या ठरल्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी लागली. सरकारी कामाला परवानगी लागते, मग आपण पिशवीत घालून कसं आणणार? म्हणून माझ्या टँकमध्ये मी दगडी प्रवाळ ठेवतच नाही. मशरूम आहे, लेदर आहे. मऊ कोरलही सडतात. त्यांनाही हीच पद्धत: सडका भाग कापा, वेगळं ठेवा, पाणी स्थिर करा. कोणी "मालवणचं आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर तिथून निघा. तिथला पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मेलेल्या कोरलची जागा पैशाने भरता येते, असं दुकानात वाटतं. पण ते कोरल कुठल्यातरी खडकावर कितीतरी वर्षं वाढलेलं असू शकतं. कारण न शोधता दुसरं आणलं तर तेही त्याच पाण्यात, त्याच रेषेने मरणार.

तर आजच्या आज दोनच कामं करा. एक टब, छोटा हीटर, एअरपंप, आयोडीन, हातमोजे एका डब्यात भरून टँकखाली ठेवा. आणि अल्कलिनिटी मोजून तारखेसकट लिहा. आज सगळं ठीक असतानाचा आकडाच उद्या रात्री कामाला येतो.

तुमच्या टँकमध्ये रेषा सरकताना दिसली तर फोटो आणि आकडे दोन्ही पाठवा. नुसता फोटो नको. पुढच्या भागात नवीन कोरल वेगळं ठेवण्याचा टँक कमी पैशात कसा उभा करायचा ते बघू. चला, भेटूया!