बॅकअपमधून आलेला पाहुणा



सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या संमेलनात अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे असा रिवाज आहे. तो मी आज मोडतो. मला एका फाइलविषयी बोलायचे आहे. ती वेबमिनमध्ये होती आणि तिचे काम एवढेच, की वापरणाऱ्याचा पासवर्ड बदलून द्यायचा.

तुमच्यातल्या केस पिकलेल्यांना वेबमिन सांगायला नको. १९९७ मध्ये जेमी कॅमेरून यांनी पर्लमध्ये लिहिलेले हे सर्व्हर सांभाळण्याचे पॅनेल. ब्राउझर उघडायचा, दहा हजार क्रमांकाच्या पोर्टवर जायचे आणि युजर, डीएनएस, क्रॉन सगळे माउसने हाताळायचे. त्यासाठी ते रूटच्या अधिकाराने चालते. म्हणजे वाड्यातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा देवडीवरच्या एकाच माणसाच्या कमरेला.

एप्रिल २०१८ मध्ये कोणीतरी वेबमिनच्या आवृत्त्या बांधणाऱ्या बिल्ड सर्व्हरमध्ये शिरले आणि त्या फाइलला हात लावून गेले. फॉर्ममधल्या एका रकान्यात जे येईल ते आज्ञा समजून चालवायचे, एवढाच बदल. पर्लमध्ये त्याला ‘क्यूएक्स’ ही दोन अक्षरे आणि दोन तिरक्या रेघा पुरतात. लॉगिनचीही गरज उरली नाही. जाताना त्याने फाइलची वेळ मागे सरकवली, म्हणून गिटला फरक दिसला नाही. १.८९० ही आवृत्ती ती फाइल घेऊनच बाहेर पडली.

पुढे फाइल मूळ रूपात आणली गेली. जुलैमध्ये तो पुन्हा आला. या वेळी त्याने भोक अशा जागी पाडले, की मुदत संपलेला पासवर्ड बदलू देण्याची सोय चालू असेल तरच ते उघडावे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारा काटेकोर माणूसच नेमका सापडावा, अशी ही रचना.

सप्टेंबर २०१८ मध्ये तो बिल्ड सर्व्हर निकालात निघाला. नवे यंत्र आले, त्यावर सेंटओएस ७ कोरे टाकले. आणि मग जुन्या यंत्राच्या बॅकअपमधून बिल्डची डिरेक्टरी आणून ठेवली.

ही गोष्ट सांगताना मी दरवेळी इथे अडखळतो. कारण यात वेंधळेपणा कुठेच नाही. आपणही हेच करतो. बॅकअप आहे या एका वाक्यावर आपण साहेबांसमोर ताठ उभे राहतो. घर बदलताना जुन्या घरातले ढेकूण गादीतून येतात हे घरी माहीत असते, ऑफिसात आठवत नाही.

बॅकअपमधून आलेल्या त्या फाइलसकट हा खेळ तब्बल सोळा महिने चालला. ऑगस्ट २०१९ मध्ये लास वेगासच्या डेफकॉनमध्ये तुर्कस्तानच्या एका संशोधकाने ही त्रुटी जगासमोर मांडली. वेबमिनच्या लोकांना ती १७ ऑगस्टला कळली, तोवर हल्ल्याची कृती सर्वांच्या हाती गेली होती. आधी घरमालकाला न सांगता चौकात ओरडणे मला पटत नाही, हे या व्यासपीठावरूनही सांगतो. घाईने १.९३० आवृत्ती आली. त्यानंतर बांधणी थेट गिटहबवर नोंदलेल्या कोडवरूनच करायची, असे त्यांनी ठरवले.

गिटहबवरचा कोड या सगळ्या काळात स्वच्छ होता! ओपन सोर्सवर हजार डोळे असतात असे आपण अभिमानाने म्हणतो. डोळे होते, पण वाचली जात होती ती प्रत वेगळी आणि सर्व्हरवर बसत होती ती वेगळी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत मागचे दार सापडले, तेव्हाही त्याची एक कळ फक्त वाटलेल्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. तेही पकडले गेले ते आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून.

आता माझी कबुली. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये मी एका कारखान्याच्या संगणक विभागात होतो. वेबमिन १.९१०, आणि पोर्ट साऱ्या जगाला उघडे. कारण काय, तर आदल्या दिवाळीत साताऱ्याला घरी असताना मोबाइलवरून एक सेवा पुन्हा सुरू करायची होती. ‘उद्या बंद करू’ म्हणून उघडलेले ते दार तसेच राहिले. वाचलो कसा? मुदत संपलेल्या पासवर्डची ती सोय मी कधी चालूच केली नव्हती. आळसामुळे. बातमी वाचल्यावर मी आवृत्ती बदलली, पोर्ट बंद केले आणि याबद्दल कोणालाही काही बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतो आहे.

जेवणाची वेळ झाली आहे, स्वागताध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. एकच विनंती. ताटावर बसण्याआधी मोबाइलचा डेटा चालू करा, ऑफिसचे व्हीपीएन बंद ठेवा आणि आपापल्या पॅनेलचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा. लॉगिनचे पान उघडले, तर जेवण थोडे थांबू द्या.