पाखरांना करार, माणसांना हद्दपारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वसाहतवाद संपला असे आपण गृहीत धरून चालतो. आंतरराष्ट्रीय करारांच्या कागदपत्रांत मात्र तो अद्याप नांदतो आहे. एखाद्या राज्याने केलेला करार त्याच्या संपूर्ण प्रदेशाला लागू होतो, असा सर्वसाधारण नियम आहे. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या २९ व्या कलमात तो नमूद केला आहे. परंतु 'वेगळा हेतू' दिसून आल्यास अपवाद करण्याची सोयही त्याच कलमात आहे. या सोयीचा लाभ घेऊन ब्रिटन करारागणिक ठरवीत आले की, तो आपल्या कोणत्या परतंत्र प्रदेशाला लावायचा आणि कोणत्याला नाही. शेवटचा शब्द लंडनचा. सार्वभौमत्वाचे हस्तांतर जवळ आले की या निवडीला निराळेच महत्त्व येते.

हाँगकाँग पाहा. चीन ज्यांत सहभागी नाही असे करारही तेथे पुढे चालू राहू शकतील, अशी तरतूद १९८४ च्या संयुक्त घोषणापत्रात झाली आणि १९९७ पूर्वी दोन्ही सरकारांनी दोनशेहून अधिक करारांची एकेक करून छाननी केली. व्यवस्था चोख खरी. पण हवामान आणि जैवविविधता या दोन करारांचे काय झाले? चीनने ते जानेवारी १९९३ मध्ये स्वीकारले. ब्रिटनने पहिला डिसेंबर १९९३ मध्ये, दुसरा जून १९९४ मध्ये. जुना धनी बांधील, नवा धनी बांधील, आणि हाँगकाँग तेवढे मोकळे! चीनने हवामान करार तेथे लावला तो २००३ मध्ये आणि जैवविविधतेचा २०११ मध्ये.

तरीही हाँगकाँगमध्ये लक्षावधी लोक होते, पैसा होता. निदान चर्चा तरी झाली. हिंदी महासागरातील चागोस बेटांवर माणसेच ठेवली गेली नाहीत. १९६५ मध्ये, म्हणजे मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षे आधी, ब्रिटनने ही बेटे ३० लाख पौंड देऊन त्याच्यापासून तोडली. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून गेलेल्या मजुरांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणवतात, तोच हा देश. १९६८ ते १९७३ या काळात नारळमळ्यांत राबणाऱ्या सुमारे दीड ते दोन हजार रहिवाशांना बेटांवरून हलविण्यात आले आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला.

आता करारांची निवड बघा. पाणथळ जागांविषयीचा रामसर करार ब्रिटनने येथे लावला. २००१ मध्ये दिएगो गार्सियाचा काही भाग रामसर यादीत गेला. लष्करी वापराचा भाग अर्थातच वगळून. जैवविविधता करार, ज्यात स्थानिक समूहांच्या ज्ञानाचा आणि त्यांच्या वाट्याचा उल्लेख आहे, तो मात्र लावला नाही. पुढे १ एप्रिल २०१० रोजी सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटरचे सागरी संरक्षित क्षेत्र घोषित झाले व त्यात मासेमारीस बंदी झाली. तळाभोवतीचे पाणी याही वेळी वगळले होते. असे क्षेत्र झाले की जुन्या रहिवाशांचे परतण्याचे दावे निकालात निघतील, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे मत २००९ च्या एका अमेरिकी तारेत नमूद आहे. ही तार पुढे फुटली. तसा हेतू सिद्ध झाल्याचे ब्रिटिश न्यायालयांनी मानले नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु मॉरिशसला १९६५ मध्ये दिलेल्या मासेमारीच्या व बेटे परत करण्याच्या वचनांचा मान न राखता, त्याच्याशी नीट सल्लामसलत न करता हे क्षेत्र घोषित केल्याने समुद्रविषयक कायद्याचा भंग झाला, असा निवाडा लवादाने १८ मार्च २०१५ रोजी दिला.

प्रवाळांना संरक्षण नको, असे कोणी म्हणू नये. चागोसचे प्रवाळ जगातील उत्तम स्थितीतल्यांपैकी आहेत. पण २०१४ मध्ये उघडकीस आले की, अमेरिकी जहाजे वर्षानुवर्षे खाजणात सांडपाणी सोडत होती. कोळ्याच्या होडीला बंदी आणि युद्धनौकेला मुभा, याला संरक्षण म्हणायचे तर शब्दकोश बदलावा लागेल.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटे तोडणे बेकायदा ठरविले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे. दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनच्या वापरात. मोबदला सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड. प्रदेश एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेला की पहिल्याचे करार तेथून हटतात आणि दुसऱ्याचे येतात, असे १९७८ च्या राज्य-उत्तराधिकारविषयक कराराचे १५ वे कलम सांगते. जैवविविधता करार जगात सर्वांत आधी, १९९२ मध्ये, स्वीकारणारा देश मॉरिशसच होता. म्हणजे लंडनने जो करार बेटांना लावला नाही, तो हस्तांतराबरोबर आपोआप तेथे पोहोचावा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हिशेबाची काळजी वाटते. राखीव क्षेत्राची कीर्ती ब्रिटनने मिळविली. एवढ्या समुद्रावर गस्त घालण्याचा खर्च मात्र छोट्या मॉरिशसच्या गळ्यात पडेल. शिवाय जमीन मॉरिशसची, वापर ब्रिटनचा आणि जहाजे अमेरिकेची, अशा जागी सांडपाण्याबद्दल नोटीस बजावायची ती कोणाला? इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मोकळीक या कराराने मॉरिशसला दिली आहे. मात्र वाटाघाटींच्या टेबलाशी चागोसवासीयांना स्वतंत्र खुर्ची नव्हती. पोर्ट लुईच्या वस्त्यांत आणि इंग्लंडमधील क्रॉली गावात राहणाऱ्या त्या कुटुंबांना परतल्यावर गळ टाकता येईल की नाही, हे आता पोर्ट लुईच्या सरकारला लेखी सांगावे लागेल.