न्हाणीघर : जुने बरे की नवे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, माझी शाळा सातवीपर्यंत. मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरची न्हाणी दोनदा फोडली ना, त्यावर बोला." न्हाणी दोनदा फोडली हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्यांदा का फोडली, हे मात्र मी आजवर कोणास सांगितले नव्हते. सासूबाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे.

मी २००१ साली लग्न होऊन वाईत आले. तेव्हाची आमची न्हाणी म्हणजे परसाच्या बाजूची काळोखी खोली. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, एक घंगाळ आणि पाय घासायची वज्री. पहाटे उठून बंब पेटवायचे काम सुनेचे. बंबफोड ओली असली की धुराने डोळ्यांतून धारा लागत. कढत पाणी काढले की तितकेच गार पाणी वरून ओतायचे. ते विसरले आणि आतले पाणी कमी झाले, की डाख सुटून बंब गळू लागे. पुरुष न्हायचे, मुले न्हायची, आणि आमची बायकांची पाळी येईतो निखारे विझत आलेले असत. आत कोरडी जागा नाही, म्हणून साडी कशीबशी गुंडाळून बाहेर यायचे. श्रावणात फरशीच्या सांध्यांत शेवाळ धरे ते निराळेच. म्हणून जुन्या न्हाणीचे कोणी गोडवे गाऊ लागले की मी विचारते, बंब तुम्ही पेटवत होता का? आमचा बंब गेल्याचे सर्वांत जास्त दुःख आमच्या यजमानांना झाले. त्यांनी तो जन्मात कधी पेटवला नव्हता.

२०१९ साली माझी भिशी लागली आणि दिवाळीपूर्वी न्हाणी नवी करायचे ठरले. दुकानात गेलो तर दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एक मॉडर्न, म्हणजे सगळे पांढरे, गुळगुळीत, आरशासारखे. दुसरी व्हिंटेज. त्यात मुद्दाम काळपट केलेले पितळी नळ, घंगाळासारखे बेसिन आणि आजोबांच्या काळच्या नक्षीच्या फरश्या. भाव विचारला तर ही जुनी तऱ्हाच महाग! जे आमच्या परसात धूळ खात पडले होते, तेच तिथे दिव्याखाली मांडून ठेवले होते. मला हसू आले, आणि मी पांढरी न्हाणी पसंत केली. दोन फूट बाय दोन फुटांच्या चकचकीत लाद्या, खाली त्याच आणि भिंतीलाही त्याच. १५ लिटरचा गिझर आणि वर फवारा. निघालेली शहाबादी फरशी सासूबाईंनी परसात तुळशीमागे रचून ठेवायला लावली. मी म्हटले, असू दे, जुन्या माणसांची हौस.

दिवाळीची पहिली अंघोळ नव्या न्हाणीत झाली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई आत डोकावून जाई आणि मला धन्य वाटे.

पुढे डिसेंबरात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सासूबाईंचा साबण निराळा, चंदनाचा. तो झिजेचना. पंचाही वाळत घालायला घ्यावा तर जेमतेम दमट. एरवी आतून तांब्याचा आवाज येई, पाणी पडल्याचा आवाज येई. एके दिवशी त्यांनी आतून हाक मारली म्हणून मी गेले. दार लोटलेले होते. सासूबाई उंबऱ्याशी, न्हाणीच्या बाहेरच पाटावर बसलेल्या होत्या. ओल्या फडक्याने अंग पुसून झाले होते, आणि त्या हात लांब करून तांब्या तांब्या पाणी आत मोरीकडे ओतत होत्या. आम्हाला आवाज ऐकू यावा म्हणून!

मी आधी रागावले, हे कबूल करते. एवढे पैसे घातले आणि ही नाटके कशाला, असे बोलून गेले. त्या म्हणाल्या, "अगं, पाय ठरत नाही त्याच्यावर. सगळेच पांढरे, पाणी कुठे आहे तेच दिसत नाही. तू एवढ्या हौसेने केलेस, तुला सांगू कशी?" त्या वेळी त्या ७२ वर्षांच्या होत्या. ज्या बाईने जन्मभर अंघोळीशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, ती दीड महिना फडक्याने अंग पुसत होती आणि मी भिंतीवरच्या लाद्या लोकांना दाखवत होते.

मी अनवाणी, ओल्या पायांनी आत उभी राहून पाहिले. साबणाचे पाणी सांडल्यावर माझाही पाय सरकला. इतके दिवस मी रबरी चपला घालून आत जात होते, म्हणून मला ते कळलेच नव्हते.

"नव्या लाद्या फोडायच्या? लोक काय म्हणतील?" असे यजमान म्हणाले. मी म्हटले, लोक आपल्याकडे अंघोळीला येत नाहीत. भिंती तशाच ठेवून फक्त जमीन फोडली. तुळशीमागची शहाबादी पाथरवटाकडून पाट्याला लावतात तशी बारीक टाकी लावून घेतली आणि तीच पुन्हा बसवली. काळसर जमीन नि पांढरी भिंत, त्यामुळे जमीन कुठे संपते ते म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसते. उतार पाच फुटांस एक इंच ठेवला, म्हणजे पाणी साचत नाही आणि शेवाळही धरत नाही. गवंडी जाळीखालच्या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणत होता. न्हाणीचे बाथरूम झाले, तरी मोरीच्या तळाशी आपला शब्द अजून टिकून आहे!

बसायला दीड फूट उंचीचा दगडी कट्टा केला. धरायला जाड पोलादी दांडी लावली. टॉवेलची दांडी त्या कामाची नव्हे. माणसाचा भार आला की ती भिंतीतून निघून येते. दारही बाहेर उघडणारे करून घेतले. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते आणि मदतीला जाता येत नाही. हे मला गवंड्याने सांगितले, दुकानदाराने नव्हे.

गिझर मात्र तसाच ठेवला. पहाटेच्या धुराकडे मी परत जाणार नाही. गॅसचा गिझर घ्यायचा असेल तर तो बंद न्हाणीच्या आत लावू नका. बंबाचा धूर निदान दिसे तरी. या विषारी वायूला रंग नाही की वास नाही. आणि शहाबादीला ॲसिड लावू नका. तो चुनखडीचा दगड आहे, फसफसून खरवडला जातो. साधी पावडर आणि काथ्याचा ब्रश पुरे.

बंब नणंदबाई पुण्याला घेऊन गेल्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये तो दिवाणखान्यात आहे आणि त्यात मनीप्लांट लावला आहे. आमचे यजमान तिथे गेले की त्याच्याजवळ जाऊन बसतात.

ज्यांना न्हाणी नवी करायची असेल, त्यांनी आधी आमच्याकडे येऊन पाय ओले करून पाहावे. पण दुपारी या. सकाळी सासूबाई एकदा आत गेल्या की पाऊण तास बाहेर येत नाहीत, आणि अलीकडे महिन्याला चंदनाच्या दोन वड्या लागतात.